थोरल्यांच्या अक्षरात

११ फेब्रुवारी

बारके,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी मुख्य निवासातल्या पत्रकक्षात उघडलं जाईल. शाखांवर जाणारं सगळं टपाल तिसऱ्या टेबलावर उघडतात आणि तिथे आमची चष्मेवाली बसते. म्हणून आधी तिला नमस्कार. बाई गं, तुझ्या स्टुलाचा पाय अजून डगमगतो का? मी निघताना त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती, ती काढू नकोस. आणि हे पत्र फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड.

आता तू.

मला निघून चौदा महिने झाले. गुरूंचा मार्ग सोडलेल्यांना आपल्याकडे 'उतरलेले' म्हणतात, जसं काही गाडी पुढे गेली आणि आम्ही मधल्याच स्टेशनात राहिलो. उतरलेल्यांशी बोलायचं नाही, त्यांना लिहायचं नाही, हे मला तू सांगायला नको. ते पत्रक सगळ्या शाखांना गेलं तेव्हा मीच ते सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. तेव्हा तुझं उत्तर येणार नाही हे धरून चालले आहे.

मी एका छापखान्याच्या वरच्या खोलीत राहते. खाली यंत्र सुरू झालं की कपातला चहा थरथरतो. काम त्याच छापखान्यात. शाळा-कॉलेजांची प्रमाणपत्रं ते छापतात आणि मधल्या मोकळ्या जागेत नावं मी हाताने लिहिते. दिवसाला दीडशे. मालक म्हणतो, "ताई, यंत्रालाही एवढं सरळ जमत नाही." एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने लिहिलं, आता दुसऱ्यांची नावं लिहिते. प्रगतीच म्हणायची.

पहाटे साडेपाचला अजून जाग येते. उठून बसते आणि मग लक्षात येतं की घंटा झालेलीच नाही, होणारही नाही. दोनशे माणसांत जेवायची सवय, त्यामुळे एकटीपुरता स्वयंपाक जमत नाही. उरतो तरी, नाहीतर भांड्याला लागतो. कधी कधी संध्याकाळी दुकानात साबण मागते तेव्हा आवाज घोगरा निघतो, आणि कळतं की आज दिवसभरात हा पहिलाच शब्द.

लिहायचं कारण वेगळं आहे. चित्रकलेचे मास्तर आठवतात? सभागृहाच्या भिंती रंगवायचे, ब्रश कानामागे खोचून तसेच जेवायला यायचे? ते माझ्या आधी तीन वर्षं उतरले. त्यांनी सोळा पानी पुस्तिका काढली आहे. तीत लिहिलंय की आपल्या गुरूंचा, थोरल्यांचा, उजवा हात बावीस वर्षं कापतो आहे, त्यांना चमचासुद्धा धरवत नाही आणि भक्तांना त्यांच्या अक्षरात जी पत्रं जातात ती पत्रकक्षातल्या चार बायका लिहितात. मार्गाने मास्तरांवर बदनामीचा दावा लावला आहे. मास्तर म्हणतात, साक्षीला या.

त्या चार बायकांपैकी एक मी होते. तुला वाटायचं मी पाकिटांवर पत्ते लिहिते. ती समजूत मीच करून दिली होती. शपथ होती तशी.

तुझी,
ताई

२ मार्च

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे.

मास्तरांच्या खोलीवर दर रविवारी उतरलेल्यांची बैठक भरते. नऊ-दहा जण असतात. मला वाटलं होतं, इथे तरी आपलं म्हणतील. मी दारात दिसले की बोलणं थांबतं. गेल्या रविवारी एक जण, निवासात विजेची कामं करायचा तो, सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडा म्हणून पत्र आलं होतं. ते तुम्ही लिहिलं?"

"कुठल्या साली?" मी विचारलं.

त्याने साल सांगितलं.

"मग मी नसेन. तेव्हा मी लांबच्या शाखांचं टेबल बघत होते."

"नसेन म्हणजे? आठवत नाही?"

"वर्षाला तीन-चार हजार पत्रं लिहायचे हो मी."

खरं तेच बोलले. पण बोलल्यावर ते किती वाईट ऐकू येतं ते कळलं. त्याने आपली खुर्ची उचलली आणि पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवली. मास्तर म्हणाले, "मनावर घेऊ नका, त्याची मुलगी अजून त्याच्याशी बोलत नाही." मी कशाला मनावर घेऊ? मी असते तर मीही खुर्ची हलवली असती.

मी का निघाले ते तुला कुणी वेगळंच सांगितलं असेल. घडलं ते एवढंच. एका बाईला मी थोरल्यांच्या अक्षरात तीनदा उत्तर लिहिलं होतं. तिचा नवरा गेला होता, घर खायला उठत होतं. चौथ्या वेळी तिने लिहिलं, "तुमचं पत्र उशीखाली घेऊन झोपते, त्याच्या जोरावर दुसरा दिवस काढते." पुढे तीन दिवस माझी लेखणी चालेना. शेवटी मी कक्षप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, "या एका पत्राखाली माझं नाव घालू द्या. मजकूर तोच ठेवते."

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुझं नाव कुणाला हवंय?"

दुपारी बॅग भरली. बॅगेत फार काही नव्हतंच.

मास्तरांना मी अजून हो म्हटलेलं नाही. कोर्टात एकदा तोंड उघडलं की मग कुठलं पत्र कुणी लिहिलं, सगळंच विचारतील. आईच्या आजारपणातलं तुझं रजेचं पत्रही त्याच कक्षात आलं होतं, तुला ठाऊक आहेच. तेव्हा वार्षिक मेळावा तोंडावर होता. मेळाव्याच्या काळात कुणाला सोडायचं नाही असा नियमच होता. मलाही सोडलं नव्हतं. त्याबद्दल इतकंच.

रोपवाटिकेतली नवी रोपं कशी आहेत? तुझ्या टाचा फुटतात अजून?

ताई

२५ मार्च

बारके,

आज मास्तर छापखान्यात आले. जिना चढून धाप लागली होती. मार्गाच्या साक्षीदारांची यादी त्यांना मिळाली आहे. तिसरा साक्षीदार तू आहेस.

मास्तर म्हणाले, "तुमची बहीण थोरल्यांनी तिला लिहिलेलं पत्र दाखल करणार आहे. सहा वर्षांपूर्वीचं."

मी लिहीत होते त्या प्रमाणपत्रावर शाईचा डाग पडला. इथे आल्यापासून पहिला. मालकाने नवा कागद दिला.

ते पत्र कोर्टात आणू नकोस. हरवलं म्हण, वाळवी लागली म्हण, काय वाटेल ते म्हण. कारण विचारू नकोस. मी मास्तरांना हो म्हटलं आहे, आता मागे फिरता येत नाही. त्यांचा सगळा बचाव माझ्यावर उभा आहे. पण तू ते पत्र आणलं नाहीस तर मला त्याबद्दल कुणी विचारणार नाही, आणि आपण दोघी वाचू.

चष्मेवाले, हे पत्र तरी पुढे पाठव. तुझ्या पाया पडते.

ताई

१० एप्रिल

बारके,

तू कोर्टातून निघून गेलीस. आता सगळं लिहिते. तोंडावर सांगायला हवं होतं. तुझ्या बाकापासून मी चार पावलांवर उभी होते, पण ती चार पावलं टाकली नाहीत.

सकाळी मला बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं, तुझी साक्ष ऐकता येऊ नये म्हणून. जेवणाच्या सुट्टीत दार उघडलं आणि दोन सेविकांच्या मधून तू आलीस. केस कापलेस ते मला माहीत नव्हतं. तू नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायलीस, शाळेत प्यायचीस तशीच, अर्धं बाहीत सांडत. एकदा वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

मास्तर येऊन हळूच म्हणाले, "तिने सांगितलं, हे थोरल्यांचंच अक्षर आहे. एकदा नाही, दोनदा."

दुपारी माझी पाळी आली. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस. पुढचं तू ऐकलंस, पण तुला कसं ऐकू आलं असेल कोण जाणे, म्हणून पुन्हा लिहिते.

मार्गाच्या वकिलाने तुझं पत्र माझ्यापुढे धरलं. "हे वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. "बाळ, तुझी तळमळ पोचली. आईची काळजी आम्ही वाहतो आहोत. तू तुझी जागा सोडू नकोस. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस."

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुमच्या सख्ख्या बहिणीला?"

"हो."

"ती विचारते, आई आजारी आहे, जाऊ का? आणि तुम्ही, तिची सख्खी बहीण, तिला दुसऱ्याच्या नावाने लिहिता की जाऊ नकोस. न्यायाधीश महाराज, असली गोष्ट कुणी खरी मानेल का?"

कुणी मानली नसती. माझ्याच बाजूची माणसं खाली बघत होती. तेव्हा न्यायाधीशांनी कोरा कागद मागवला आणि मला म्हणाले, "लिहून दाखवा."

मी तेच शब्द लिहिले. तीच वळणं, तोच लांबवलेला काना. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाराची स्प्रिंग करकरली. मी वळून पाहिलं तेव्हा तुझी जागा रिकामी होती.

आता जे वकिलाने विचारलं नाही ते. मी तुला लिहिलं होतं की मेळाव्याचा नियम होता. नियम मुख्य निवासापुरता होता, शाखांना तो लागू नव्हता. तुझं रजेचं पत्र माझ्या टेबलावर आलं, आणि आम्हाला सांगून ठेवलेलं होतं की जवळचं माणूस आजारी असेल तर शाखेतल्यांना जाऊ द्यावं. मी 'जा' लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. कक्षप्रमुखांनी ते पाहिलंही नसतं.

चार दिवस आधी मी रजा मागितली होती आणि मला नाही म्हणाले होते. घर दोन तासांवर होतं. तुझं पत्र वाचताना मला दिसलं की तू दारातून आत जाते आहेस, आणि आई उठून बसते आहे. बारकी आली म्हणते आहे. लहानपणापासून ती दाराकडे बघायची ती तुझ्यासाठी. तू शेवटी तिच्याजवळ असशील आणि मी नसेन, हे मला सोसेना. एवढंच कारण आहे. त्यात गुरू नाही, मार्ग नाही, नियम नाही.

सहा दिवसांनी आई गेली. मी त्या दिवशी बासष्ट पत्रं लिहिली.

तू मला काही म्हणावंस असं माझं म्हणणं नाही.

ताई

३ मे

ताई,

तुझी चारही पत्रं मिळाली. चष्मेवाली रोपांच्या बियांच्या पाकिटांत घालून पाठवते. तिच्या स्टुलाखालचा तुझा पुठ्ठा तसाच आहे, असं तिने सांगायला सांगितलं आहे.

तू म्हणालीस, ते पत्र आणू नकोस. माझ्याकडे ते नव्हतंच. आई गेल्याचं कळलं त्या दिवशी मी ते मुख्य निवासाला परत पाठवलं. जवळ ठेववेना. त्यांनी ते जपून ठेवलं आणि आता मला बोलावून हातात दिलं. म्हणाले, ओळखतेस ना?

ओळखलं. सहा वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. अक्षर थोरल्यांचं होतं. पण 'उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस' असं थोरले कशाला म्हणतील? असं तू म्हणायचीस, माझा परीक्षेचा निकाल लागायचा असला की. तू पत्ते लिहितेस असं मला माहीत होतं, म्हणून वाटलं, ताईने कसंतरी करून त्यांच्या पत्रात आपला निरोप घुसवला. ती जवळ आहे, दोन तासांवर. ती आईला बघून आली असणार. ती म्हणते काळजी करू नकोस, म्हणजे आई बरी आहे.

मी त्यांचं ऐकून थांबले नाही, ताई. तुझं ऐकून थांबले.

कोर्टात मी त्यांचंच अक्षर म्हटलं, कारण त्यांचं म्हटलं की आपल्या घरातलं कुणी त्यात येत नाही. एवढं मी तुझ्यासाठी करणार होते. मग तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, मी.

माझा राग गेलेला नाही. कधी जाईल सांगता येत नाही. सहा वर्षं तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं, आता कळलं, एवढाच फरक.

मी अजून इथेच आहे. कोर्टातून आल्यापासून माझ्या टेबलावर कुणी जेवायला बसत नाही. रोपांना पाणी कोण घालेल, म्हणून मी राहते असं मी स्वतःला सांगते.

एक विचारायचं होतं. आई शेवटी काय म्हणाली? मला कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं तुला माहीत असेल.

बारकी

२१ मे

बारके,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस हिंडले. छापखान्यात खिशात, जिन्यात हातात. मग मालकाकडे सुट्टी मागितली. त्याने विचारलं, "कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "होतं." तो काही समजला नाही, पण सोडलं.

मी आपल्या गावी गेले. दार बंद, कुंपणाचा तारेचा दरवाजा गंजलेला. समोरच्या नर्सकाकूंकडे उतरले. त्या आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तसाच खणखणीत आहे. मला दारात बघून म्हणाल्या, "आलीस होय. सहा वर्षं लागली?" आणि चहा टाकायला आत गेल्या. मी त्यांच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं. त्यांनी गाळणी हातात धरून जे सांगितलं तेच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

आई शेवटचे आठ दिवस फार चिडचिडी झाली होती. रेडिओ लाव म्हणायची, लावला की बंद कर म्हणायची. उशी बदलली तर जुनी कुठे गेली म्हणून भांडायची. काकूंनी निवासात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, निरोप देतो. एका संध्याकाळी आईने विचारलं, "पोरी येतायत का?" काकू म्हणाल्या, "दोघी कामात अडकल्यात." आईने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "एका ठिकाणी आहेत ना दोघी?"

काकूंना कुठे माहीत होतं? त्या म्हणाल्या, "हो, एकत्रच आहेत."

"मग असू दे," आई म्हणाली. "बारकीला थंडी सोसत नाही. रात्री पांघरूण लाथाडते. मोठी उठून घालेल."

तेच शेवटचं काही धड बोलणं, असं काकू म्हणाल्या. त्यानंतर दोन दिवस होती, पण बोलली नाही.

आपण तेव्हा बारा तासांच्या अंतरावर होतो.

दाव्याचा निकाल लागला. फेटाळला. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला, फोटो काढला. विजेवाला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यानंतरच्या रविवारी मी गेले तर चारच जण होते, आणि परवा मास्तरांच्या दाराला कुलूप. मुलाकडे राहायला गेले म्हणतात. भांडायचं संपल्यावर बोलायचं काय, ते आमच्यापैकी कुणालाच सुचत नव्हतं.

राग सोड असं मी म्हणत नाही. तो तुझा आहे, ठेव. रोपं टाकून ये असंही म्हणत नाही. पण तुझ्या टेबलावर कुणी जेवायला बसत नाही असं तू लिहिलंस, ते वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही.

काल मी खोलीची मापं घेतली. टेबल जिन्याच्या बाजूला सरकवलं तर दुसरी खाट मावते, मध्ये हात पुरेल एवढी जागा राहते. खिडकीची बाजू तुझी. आतल्या बाजूला यंत्राचा आवाज जास्त येतो, तिथे मी झोपेन.

ताई